झाडावरची रानटी धिंगरी कशी ओळखावी

रोवणी आटोपत आली की पूर्व विदर्भातल्या घरांमध्ये रानातल्या अळिंबीची वाट पाहिली जाते. तिला कुठे सात्या म्हणतात, कुठे टेकोडे म्हणतात. वारुळाजवळ उगवणारी, जमिनीत लांब मुळासारखा दांडा खुपसून उभी राहणारी ती अळिंबी आपल्या माणसांना पुस्तकातून शिकावी लागत नाही, कारण आजीने आईला आणि आईने लेकरांना ती हातात देऊन दाखवलेली असते. झाडावर उगवणाऱ्या अळिंबीच्या बाबतीत मात्र अशी पिढीजात ओळख फार थोड्या घरांमध्ये आढळते. बहुतेक जण खोडावरच्या प्रत्येक छत्रीला कुत्र्याची छत्री म्हणून सोडून देतात, आणि काही जण ‘झाडावरची कधी विषारी नसते’ या ऐकीव भरवशावर ती सरळ टोपलीत टाकतात. यातला दुसरा समज घातक आहे. म्हणून झाडावरच्या अळिंबीपैकी रानटी धिंगरी (ऑयस्टर मशरूम) ही एकच अळिंबी घेऊन ती कशी पाहावी, कशी तपासावी आणि कोणत्या टप्प्यावर सोडून द्यावी, हे येथे सविस्तर मांडत आहे.

बाजारात पाकिटात मिळणारी धिंगरी आपण पाहिलेली असते. ती भाताच्या तणसावर किंवा गव्हाच्या काडावर वाढवलेली असते. रानातली धिंगरी त्याच कुळातली असून ती मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या लाकडावर जगते. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य पचवण्याची ताकद या बुरशीत आहे. त्यामुळे ती ज्या ओंडक्यात शिरते तो ओंडका हळूहळू पांढरट, तंतुमय आणि हलका होत जातो. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे तिचे केवळ फळ होय. खरी बुरशी लाकडाच्या आत पांढऱ्या तंतूंच्या जाळ्याच्या रूपात वर्षानुवर्षे असते. हे तंतू लाकडातल्या सूक्ष्म गोलकृमींना बधिर करून त्यांनाही खातात. लाकडात नत्र फार कमी असते, ते या बुरशीला कृमींच्या शरीरातून मिळते. हे आपल्या ओळखीच्या कामाचे नसले तरी ओंडक्याकडे पाहण्याची नजर त्याने बदलते, म्हणून सांगितले.

मृग आणि आर्द्राच्या पहिल्या सरींनी लाकूड पुरते भिजत नाही. झड लागून चार-पाच दिवस लाकूड आतपर्यंत मुरले आणि मग ढगाळ, दमट उघडीप पडली, म्हणजे धिंगरी शोधावी. आमच्या भागात श्रावण-भाद्रपदात ती अधिक दिसते. मऊ लाकडाची झाडे आधी पाहावीत: सावर, आंबा, उंबर, मोई. वादळात पडलेले आंब्याचे खोड, बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवरचा तोडलेल्या उंबराचा खुंट, धुऱ्यावर वाळलेली सावर, अशा जागा चांगल्या. पाइन आणि देवदारासारखी सूचिपर्णी झाडे आपल्या रानात नैसर्गिकरीत्या नाहीत. त्यामुळे परदेशी चित्रांमध्ये ती अशा झाडांवर दिसली तरी त्या चित्रांवरून इथला निर्णय घेऊ नये.

अळिंबी दिसली की हात लावण्याआधी उभे राहून पाहावे. ती खरोखर लाकडातून आली आहे की लाकडाशेजारच्या मातीतून, हा पहिला प्रश्न आहे आणि तो वाटतो तितका सोपा नाही. जमिनीत गाडलेल्या मुळावर आलेली छत्री मातीतून आल्यासारखी दिसते, आणि खोडाला टेकून मातीतून आलेली छत्री खोडावरची वाटते. म्हणून बोटाने किंवा काडीने बुडाभोवतीची माती आणि पालापाचोळा अलगद बाजूला करावा. बुडाशी पिशवीसारखे आवरण किंवा वाटीसारखा फुगवटा दिसला, अथवा दांड्यावर कापडी कड्यासारखे वलय दिसले, तर ती धिंगरी समजू नये आणि तिथेच सोडावी. जगातल्या सर्वांत घातक अळिंबींपैकी कित्येकींच्या बुडाशी अशी पिशवी असते. ती पिशवी मातीत दडलेली असते आणि वरून खुडणाऱ्याला कधीच दिसत नाही.

त्यानंतर ठेवण पाहावी. धिंगरी सहसा एकटी येत नाही. शिंपल्यासारख्या किंवा हातपंख्यासारख्या टोप्या एकीवर एक, कौलांसारख्या थरांनी येतात, आणि त्या सर्वांचे बूड एकाच जागी जुळलेले असते. टोपी साधारण 5 ते 15 सेंटिमीटर रुंद असते. कोवळेपणी तिची कड आत वळलेली असते, जून झाली की ती सरळ होऊन लाटांसारखी वरखाली होते आणि क्वचित चिरते. वरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. त्यावर खवले, केस किंवा चिकट थर नसतो. रंग पांढरा, सायीसारखा, राखाडी किंवा फिकट तपकिरी असू शकतो. रंगावर मी फारसा भर देत नाही, कारण एकाच झुबक्यात सावलीतली टोपी करडी आणि उजेडातली पांढरट असते. उष्ण प्रदेशात गुलाबी धिंगरीही आढळते, पण नव्याने शिकणाऱ्याने पहिली काही वर्षे तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. दांडा असला तर आखूड, भरीव आणि टोपीच्या मधोमध नसून एका बाजूला असतो. कधी तो नसल्यासारखाच असतो.

आता टोपी उलटी करावी. ओळखीचे अर्धे काम या खालच्या बाजूला आहे. गावातल्या एका म्हाताऱ्या मायने मला लहानपणी एवढेच शिकवले होते: ‘खालून पाहून घे आधी, मंग हात लाव.’ तिला बुरशीशास्त्रातला एकही शब्द ठाऊक नव्हता, पण चाळीस वर्षे रान तुडवून ती नेमक्या जागी पोचली होती. धिंगरीच्या टोपीखाली वहीच्या पानांसारख्या पातळ, उभ्या पट्ट्या असतात. त्यांना कल्ले म्हणतात. धिंगरीचे कल्ले पांढरे किंवा सायीच्या रंगाचे असतात. ते टोपीच्या कडेपासून निघून बुडाकडे येतात, आणि दांडा सुरू झाला तरी थांबत नाहीत. दांड्यावरून रेघांसारखे खाली उतरत विरतात. ही खूण अगदी जवळून, उजेडात धरून पाहण्यासारखी आहे. कल्ले दांड्याला न शिवता अलीकडेच थांबत असतील तर ती धिंगरी नव्हे. टोपी फाडली असता आतले मांस पांढरे, घट्ट आणि ओलसर दिसते; वास सौम्य, कधी किंचित बडीशेपेसारखा असतो. कोंदट किंवा आंबूस वास आला तर जात बरोबर असली तरी ती अळिंबी शिळी झाली असे समजावे.

खालून पाहिले की बरीच चुकीची नावे आपोआप गळून पडतात. खाली कल्ले नसून टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे असतील, वरचा भाग तांबूस आणि रोगण फासल्यासारखा चकाकत असेल, आणि वाकवायला गेल्यास लाकडासारखा कडक लागत असेल, तर ती गॅनोडर्मा होय. शिसव आणि खैर यांच्या मुळांना कुजवणारी म्हणून वनखात्याच्या माणसांनाही ती परिचित असते. तिच्या वर आणि आसपासच्या पानांवर कोकोच्या भुकटीसारखी तपकिरी धूळ साचलेली दिसते. खाली मधमाशांच्या पोळ्यासारखी मोठी, षट्कोनी छिद्रे असतील तर तो वेगळाच गट. जिला ना कल्ले ना छिद्रे, जी ओलेपणी माणसाच्या कानासारखी लवलवीत आणि वाळल्यावर कडक कातड्यासारखी होते, ती कर्णाकृती अळिंबी. या तिन्ही प्रकारांचा धिंगरीशी गोंधळ टोपी उलटी करेपर्यंतच टिकतो.

कल्ले असणाऱ्यांचा गोंधळ अधिक चिवट आहे. घरामागे रचलेल्या सरपणावर पावसाळ्यात जी बोटाच्या पेराएवढी, वरून राखाडी-पांढरी आणि केसाळ पंखुडी हमखास उगवते, तिचे शास्त्रीय नाव शिझोफायलम कम्यून. भिंग असेल तर तिच्याकडे पाच मिनिटे अवश्य द्यावीत. तिचा प्रत्येक कल्ला लांबीत मधोमध चिरलेला असतो. ऊन पडले की त्या चिरांचे दोन्ही काठ वळून आक्रसतात, आणि सर आली की काही वेळात पुन्हा उलगडतात. वाळून पडलेला तुकडा घरी आणून ओल्या कापडावर ठेवला तरी हे उलगडणे डोळ्यांसमोर पाहता येते. मणिपूरमध्ये ती चवीने खाल्ली जाते, पण आकार, केस आणि चिरलेले कल्ले पाहता तिला धिंगरी समजण्याचे कारण उरत नाही. लेंटिनस गटातली पांढरी अळिंबी मात्र फसवते. तिचेही कल्ले दांड्यावर उतरतात आणि ती मेलेल्या खोडावरच येते. मात्र तिची टोपी पसरट असून मध्ये खोलगट असते, टोपीवर बारीक तपकिरी खवले असतात, दांडा बहुधा मध्यभागी असतो, आणि कल्ल्याची कड नखाने चाचपली तर करवतीसारखी दातेरी लागते. धिंगरीच्या कल्ल्याची कड गुळगुळीत असते. फाडतानाही फरक कळतो: धिंगरी सहज फाटते, लेंटिनस चामड्यासारखी ताणली जाते.

सर्वांत जास्त सांभाळावे ते क्रेपिडोटस गटाला. ही छोटी, पातळ, दांडा नसलेली पंखुडी कोवळेपणी पांढरी असते आणि हुबेहूब धिंगरीच्या पिल्लांसारखी दिसते. तिच्यातल्या बहुतेक जातींच्या खाण्यायोग्यतेविषयी भरवशाची माहिती नाही. तिला वेगळे काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे बीजाणूंचा, म्हणजे कल्ल्यांमधून गळणाऱ्या धुळीसारख्या बारीक बियांचा ठसा, आणि आपल्याकडे सर्रास वगळली जाणारी पायरी हीच आहे.

ठसा घेण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. एक पांढरा कागद आणि एक काळा पुठ्ठा कडेला कड लावून पाटीवर ठेवावा. पूर्ण उमललेली, पण सडू न लागलेली एक टोपी निवडून तिचा दांडा टोपीलगत कापावा आणि कल्ले खाली करून टोपी अशी ठेवावी की तिचा अर्धा भाग पांढऱ्यावर आणि अर्धा काळ्यावर येईल. टोपीवर पाण्याचे एक-दोन थेंब शिंपडावेत आणि वरून स्टीलची वाटी किंवा गंज (पातेले) पालथा घालावा, म्हणजे वारा लागणार नाही. संध्याकाळी ठेवलेली टोपी सकाळी उचलावी. कल्ल्यांमधून गळलेल्या लाखो बीजाणूंनी कागदावर कल्ल्यांचीच नक्षी उमटलेली दिसते. काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी, रांगोळीच्या बोटाने ओढल्यासारखी बारीक रेषांची ती चकती पहिल्यांदा पाहिली की ही पायरी पुन्हा चुकवावीशी वाटत नाही. काळा पुठ्ठा न ठेवता नुसत्या पांढऱ्या कागदावर ठसा घेतला, तर धिंगरीचा पांढरा ठसा दिसतच नाही आणि बीजाणू पडलेच नाहीत असा गैरसमज होतो.

ठसा दिवसाच्या उजेडात वाचावा, बल्बच्या पिवळ्या उजेडात नाही. धिंगरीचा ठसा पांढरा, सायीसारखा किंवा अगदी फिकट जांभळी झाक असलेला येतो. मातकट किंवा तपकिरी आला तर क्रेपिडोटसची शंका घ्यावी. गंजासारखा केशरी-तपकिरी आला तर ती जिम्नोपिलस असू शकते. ती खुंटांवर झुबक्याने येते आणि बहुधा कडू असते. सामन माशाच्या मांसासारखा गुलाबी ठसा आणि दांड्याला न चिकटलेले कल्ले असतील तर ती प्लुटियस होय. काळा ठसा शाईसारख्या विरघळणाऱ्या छत्र्यांचा असतो. यांपैकी कोणताही रंग दिसला की अळिंबी टाकून द्यावी आणि बाकीच्या खुणा कितीही जुळल्या तरी वाद घालू नये. उलट बाजूही तितकीच ध्यानात ठेवावी: ठसा पांढरा आला एवढ्यावरून धिंगरी सिद्ध होत नाही, कारण अत्यंत विषारी अमानिटा कुळाचाही ठसा पांढराच येतो. लाकडावरचा उगम, बुडाशी पिशवी नसणे, वलय नसणे, बाजूचा आखूड दांडा, उतरते पांढरे कल्ले, गुळगुळीत कड आणि पांढरा ठसा हे सगळे एकाच वेळी जुळले, तरच पुढचा विचार करावा.

चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण किंवा तांदूळ रंग बदलतात का, हळदीने विष उतरते का, या कसोट्या अजूनही घरोघरी सांगितल्या जातात. त्यांपैकी एकही खरी नाही. किडे किंवा शेळी खाते म्हणून माणसाला चालते, हेही खरे नाही. त्यांचे पोट आणि आपले पोट वेगळे आहे. शिजवल्याने सगळे विष जाते हा समज तर जीव घेणारा आहे, कारण अमानिटातले अमाटॉक्सिन उकळूनही नष्ट होत नाही.

आणखी एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. जपानमध्ये सूचिपर्णी लाकडावर येणारी, धिंगरीसारखीच पांढरी आणि पातळ असलेली प्ल्युरोसायबेला नावाची अळिंबी लोक पिढ्यान्‌पिढ्या खात होते. 2004 च्या शरद ऋतूत तीच खाल्ल्यानंतर मेंदूला सूज येऊन 17 माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांना मूत्रपिंडाचा आजार होता. त्याच देशात चांदण्या रात्रीच्या नावाने ओळखली जाणारी, अंधारात फिकट हिरवट उजेड देणारी ओम्फॅलोटस अळिंबी धिंगरी समजून खाल्ल्याने विषबाधा होण्याचे प्रकार वारंवार घडतात. आपल्या रानात नेमक्या याच जाती शोधायच्या नाहीत. पण धिंगरीसारखे दिसणे आणि धिंगरी असणे यांत किती अंतर असू शकते, हे त्यावरून कळते. म्हणून पहिल्या दोन-तीन हंगामांत ओळख फक्त शिकण्यासाठी करावी, खाण्यासाठी नाही. नमुने प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता कागदात किंवा बांबूच्या परडीत, प्रत्येक झुबका वेगळा ठेवून आणावेत. शंका असल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, अथवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात, ताजा नमुना, ठशाचा कागद आणि झाडाचे नाव सोबत नेऊन विचारावे. मोबाइलवरच्या फोटोवरून कुणी ‘खा’ म्हटले तर ऐकू नये. फोटोत बूड दिसत नाही आणि ठसा तर नसतोच. मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांना, गरोदर बाईला आणि लहान लेकरांना रानातली अळिंबी देऊच नये.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीत काहीही खुडू नये, तिथे पाहणे आणि टिपण करणे पुरे. कोळशाच्या रस्त्याच्या किंवा कारखान्याच्या कडेच्या झाडावरची अळिंबी घेऊ नये, कारण अळिंबी जड धातू शोषून साठवते. फवारणीच्या वावराला लागून असलेल्या धुऱ्यावरच्या खुंटालाही हेच लागू आहे. ओंडक्यावरचा सगळा झुबका ओरबाडू नये; कोवळ्या टोप्या राहू द्याव्यात.

अळिंबी खाल्ल्यानंतर कुणाला उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ते किती तासांनी सुरू झाले हे आधी आठवावे. सहा तासांनंतर सुरू झालेला त्रास अधिक गंभीर समजावा. अमाटॉक्सिनच्या विषबाधेत एक-दोन दिवसांनी रोग्याला बरे वाटू लागते, पण तेव्हाच यकृत आतून निकामी होत असते. या बरे वाटण्यावर विसंबून कित्येक जण घरीच थांबतात. 108 वर फोन करून रोग्याला यकृतावरच्या उपचारांची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. शिजवलेल्या भाजीचा उरलेला भाग, न शिजवलेली एखादी टोपी आणि ठशाचा कागद सोबत घ्यावा. ज्यांनी तीच भाजी खाल्ली आणि ज्यांना अजून काही झालेले नाही, त्यांनाही सोबत न्यावे.

शेवटची सूचना टिपणवहीची आहे. कोणत्या झाडावर, कोणत्या नक्षत्रात, किती पावसानंतर अळिंबी आली, टोपीची रुंदी किती, ठसा कसा आला, हे तारखेसह लिहावे आणि ठशाचा कागद त्याच पानाला चिकटवावा. ठसा पुसू नये म्हणून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावता येते. आमच्या बांधीच्या पाळीवर वादळात पडलेले आंब्याचे एक खोड होते. त्यावर सलग तीन पावसाळे धिंगरी आली, आणि तिन्ही वर्षांचे ठसे वहीत पांढरे आहेत. चौथ्या वर्षी त्याच खोडावर, त्याच ढोलीच्या कडेला, त्याच ठेवणीत पांढऱ्या पंखुड्या फुटल्या. टोप्या जरा लहान होत्या, पण उशिरा आलेल्या पावसाने असे झाले असावे, असे मला वाटले, आणि ओळखीचे खोड म्हणून मी परडी अर्धी भरूनही टाकली. सवयीने एक टोपी वाटीखाली ठेवली होती. सकाळी वाटी उचलली तेव्हा काळ्या पुठ्ठ्यावर जेमतेम काही दिसत होते, पांढऱ्या कागदावर मात्र कल्ल्यांची नक्षी तपकिरी उमटली होती.